वहीतली दिंडी

दिंडीला शंभर वर्षं झाली. या अंकात दिंडीचा इतिहास लिहायचं काम मंडळींनी माझ्याकडं दिलं. मी चौथी शिकलेला माणूस. नांगर आणि टाळ एवढीच दोन हत्यारं माझ्या हाताला ठाऊक. पण चाळीस वर्षं कीर्तन करतोय आणि दरवर्षी प्रस्थानाच्या आदल्या रात्री दिंडीचा इतिहास मीच सांगत आलोय, म्हणून मंडळींनी नाव घेतलं. पूर्वी हा इतिहास लिहायला मला एक पान पुरलं असतं. आता पुरत नाही, आणि त्याला कारण माझी नात आहे.

मी काय सांगायचो ते तुम्हाला पाठ आहे. माझे आजोबा निरक्षर, पण भाव मोठा. त्यांना पांडुरंगानं स्वप्नात दृष्टांत दिला, त्यांनी बैल विकून वीणा आणला आणि अकरा माळकरी घेऊन पंढरीची वाट धरली. म्हणून वीणा आमच्या घरात, म्हणून पहिला मान आमच्या घरचा. हे मी वडिलांकडून ऐकलं. वडिलांनी कुणाकडून ऐकलं ते मी कधी विचारलं नाही. आपल्या घरची थोरवी असली की माणूस विचारत नाही, माउली.

माझी नात बी.ए. झाली तेव्हा घरात सगळ्यांचं मत पडलं की नर्सिंग कर, नाहीतर तलाठ्याच्या परीक्षेला बस. ती म्हणाली, मला पुण्याला जाऊन इतिहासात एम.ए. करायचं आहे, त्यातही मध्ययुगाचा अभ्यास. मी विचारलं, "मध्ययुग म्हंजे काय गं?" ती म्हणाली, "आबा, तुमच्या कीर्तनातले सगळे संत. माउली, नामदेवराय, नाथबाबा, तुकोबा. यादवांपासून पेशवाईपर्यंतचा काळ." मी म्हणालो, "मग त्याला डिग्री कशाला पाहिजे? ते तर मी फुकट सांगतो." घर हसलं. ती काही हसली नाही. पुण्याला गेली.

तिकडं काय शिकवतात ते मी सुट्टीत खोदून खोदून विचारलं, कारण खोलीचं भाडं मी भरत होतो. पहिलं शिकवतात ते वाचायला. आपण म्हणू, वाचता तर सगळ्यांनाच येतं. पण जुनं मराठी दप्तर मोडीत आहे. बोरू न उचलता लिहायची ती लिपी. आधी आडवी रेघ पानभर ओढून घ्यायची आणि खाली अक्षरं टांगत जायची. दोन शब्दांत जागा नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. पुण्याच्या पेशवे दप्तरात असे कागद लाखोंनी पडून आहेत आणि वाचणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा मोडी वाचणारे हुडकत फिरावं लागलं, हे आपण सगळ्यांनी बघितलं आहे.

दुसरं शिकवतात ते सन-तारीख लावायला. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, हे आपल्याला पंचांगामुळं ठाऊक. पण फसली सन असतो, त्यात ५९० मिळवायचे. सुहूर सन असतो, त्याचे आकडे अरबी शब्दांत लिहिलेले, इसन्ने, सलास, खमस असे. आणि तिसरं शिकवतात ते कागदाला प्रश्न विचारायला. हा कागद कुणी लिहिला, कधी लिहिला, कशासाठी लिहिला, आणि लिहिणाऱ्याचा त्यात काय फायदा होता. नात म्हणाली, "आबा, तिसरं सगळ्यांत अवघड."

ही रीत काही परकी नाही. माउलींनी ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये नेवाशाला सांगितली. पुढं पावणेतीनशे-तीनशे वर्षांत लोकांनी उतरवून घेताना पाठ बिघडले, कुणी पदरच्या ओव्या घातल्या. नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, प्रती लावून ग्रंथ शुद्ध केला. विद्यापीठात आज ज्याला संशोधन म्हणतात ते पैठणात तेव्हाच झालं होतं. पुढं इतिहासाचार्य राजवाडे दप्तरं शोधत गावोगाव हिंडले, त्यांनी ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळवून १९०९ साली छापली. आपले सोनोपंत दांडेकर तर जोगमहाराजांचे शिष्य, गळ्यात माळ, आणि पुण्याच्या कॉलेजात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. एका हातात टाळ आणि एका हातात पुस्तक धरता येतं, हे त्यांनी दाखवलं.

आता मूळ गोष्टीवर येतो. आपल्या देवळाच्या माडीवर लाकडी पेटीत एक लांबट वही होती. दसऱ्याला आपण तिला हळदकुंकू वाहायचो. आत काय आहे ते मोडी वाचणारे शेवटचे म्हातारे गेल्यापासून कुणाला ठाऊक नव्हतं. वर सन १३३५ एवढा आकडा लागायचा. त्यावरून काही मंडळी म्हणायची की हा शक आहे, दिंडी सहाशे वर्षांची आहे. मीही एकदोन कीर्तनांत ठोकून दिलं होतं. नातीनं वही उघडली आणि पहिल्या दिवशीच सांगितलं, "आबा, हा फसली आहे. वही कुलकर्ण्यांच्या हातची दिसते, ते महसुलाचा हिशेब याच सनात ठेवायचे. १३३५ आणि ५९०, म्हणजे १९२५." शंभरी बरोबर निघाली. मंडळी खूश झाली. मीही झालो.

मग चार दिवस ती माडीवर बसून राहिली. पाचव्या दिवशी संध्याकाळी गोठ्यात आली, मी धार काढत होतो. म्हणाली, "आबा, वीणा बैल विकून आणला नव्हता."

वहीत पहिल्या साली असं आहे. थोरल्या आळीची एक विधवा बाई, तिचं नाव लिहिलेलं नाही, नुसतं 'थोरल्या आळीची बाई' एवढंच. तिनं दोन पुतळ्या दिल्या, मोडून आले रुपये १३. त्यातून वीणा साडेनऊ रुपयांचा, उरलेल्या साडेतीनात पताका आणि टाळांच्या दोऱ्या. पुढं धान्याची जमा आहे, घराघरानं पायली, दोन पायली. गावकुसाबाहेरच्या वस्तीकडून जोंधळे चार पायली. आणि खर्चाच्या बाजूला माझ्या आजोबांचं नाव. गाडीभाडे, पंढरी जाऊन येऊन, रुपये ७.

म्हणजे माझा आजा दिंडीचा मूळपुरुष नव्हता. दिंडीचं सामान वाहणारा भाड्याचा गाडीवान होता.

खरं सांगतो, मला राग आला. वहीचा नाही, पोरीचा आला. म्हणालो, "एवढे पैसे घालून आज्याची अब्रू काढायला शिकलीस का?" आठ दिवस बोललो नाही. मनात आलं की पेटी आहे तशी बंद करावी, हिनं वाचलंय हे कुणाला ठाऊक आहे? जुनी पोथी फाटली की आपण नदीत सोडतो, तशी वहीही सोडता आली असती. हे मी लपवत नाही, कारण असं मनात येणारा मी एकटा नसणार.

कार्तिकीला पंढरीला गेलो, नात बरोबर होती. देवळातल्या चौऱ्याऐंशीच्या शिळेला आपण सगळे पाठ घासतो, चौऱ्याऐंशी लक्ष योनींचा फेरा चुकावा म्हणून. पन्नास वर्षं मी घासत आलो. नात म्हणाली, "आबा, यावर काय लिहिलंय ठाऊक आहे का?" मला ठाऊक नव्हतं. तिनं सांगितलं, तो शके ११९५ ते ११९९ मधला लेख आहे, म्हणजे १२७३ ते १२७७. माउलींच्या जन्माच्या आसपासचा. आणि त्यात आहे देणग्यांची यादी. विठ्ठलाच्या देवळासाठी कुणी काय दिलं त्याचा हिशेब. देवगिरीचा राजा रामदेवराव यादव त्यात आहे, हेमाडपंत आहे, आणि त्यांच्याच यादीत साधे भक्तही आहेत. राजाला तिथं पंढरीच्या फडाचा मुख्य म्हटलं आहे. आपला 'फड' हा शब्द त्या दगडावर साडेसातशे वर्षांपूर्वी कोरला गेला.

मी तिथंच खांबाला टेकून बसलो. म्हणजे पांडुरंगाच्या दारातसुद्धा वहीच आहे. दगडाची वही. कुणी दिलं आणि किती दिलं हे त्या लोकांनी झाकलं नाही, उलट दगडावर कोरून ठेवलं. ज्याला आपण पाठ लावतो त्याला कधी तोंड लावून वाचलं नाही, एवढीच आपली चूक. आणि मी एका बाईच्या दोन पुतळ्या नदीत सोडायला निघालो होतो.

परत आल्यावर नातीला म्हणालो, पुढं वाच. दुसऱ्या सालीही आजोबांचं गाडीभाडे आहे, रुपये ७. तिसऱ्या साली त्याच ओळीत नाव आहे, आणि पुढं लिहिलंय, 'भाडे नाही'. त्याच साली जमेच्या बाजूला, माळकऱ्यांच्या नावांत, शेवटी त्यांचं नाव आलंय.

माउली, मी चाळीस वर्षं स्वप्नाचा दृष्टांत सांगितला. पण दोन वर्षं भाडं घेऊन गाडी हाकणारा माणूस दिंडीच्या मागं मागं चालत भजन ऐकतो, आणि तिसऱ्या वर्षी हात पुढं करत नाही, गळा पुढं करतो माळेसाठी, याहून मोठा दृष्टांत कोणता? स्वप्न खोटं ठरलं म्हणून आजा लहान झाला नाही. मला तर तो आता खरा दिसायला लागला. सात रुपये तेव्हा थोडे नव्हते.

अजून एक गोष्ट वहीत आहे, ती सांगितल्याशिवाय इतिहास पुरा होत नाही. गावकुसाबाहेरच्या वस्तीचे चार पायली जोंधळे पहिली सहा वर्षं जमा आहेत. खर्चात त्यांची 'पंगत निराळी' असं लिहिलंय. सातव्या सालापासून त्यांचं धान्य नाही आणि नावही नाही. का गेले ते वही सांगत नाही, पण निराळ्या पंगतीत कोण किती दिवस बसेल? इरावतीबाई कर्वे डेक्कन कॉलेजातल्या विदुषी, त्या माउलींच्या पालखीबरोबर चालल्या आणि लिहून ठेवलं की माणसं एकत्र चालतात, एकत्र गातात, पण जेवायला जातीजातीनं वेगळी बसतात. त्यांना ते लागलं. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर आहे, आपण तिथं डोकं टेकवून आत जातो. त्याच वाटेवर आपल्याच वहीत हे लिहिलेलं आहे. आपल्या पूर्वजांना दोष देऊन आपण मोठे होत नाही, पण झाकलं तर आपण त्यांच्याहून लहान होतो.

बरेच लोक मला विचारतात, असला अभ्यास करून पोरीला नोकरी लागणार का? लागेल, न लागेल, पांडुरंगाला ठाऊक. दप्तरखान्यात, संग्रहालयात, कॉलेजात अशा माणसांचं काम असतं, पण जागा थोड्या आहेत हेही खरं. मी एवढंच सांगतो. आपलं एवढं मोठं धन आपल्याला वाचता येत नाही. गुंथर सोंथायमर जर्मनीहून येऊन खंडोबा आणि धनगरांच्या ओव्या अभ्यासून गेले. अ‍ॅन फेल्डहाउस या अमेरिकेतल्या बाईंनी आपल्या शं. गो. तुळपुळ्यांबरोबर जुन्या मराठीचा कोश केला, तो १९९९ साली आला. ख्रिश्चन नोवेत्झ्के यांनी नामदेवरायांवर ग्रंथ लिहिला आणि त्यात कीर्तनकारांची बाडं धुंडाळली. माझ्यासारख्याची बाडं! सातासमुद्रापलीकडचा माणूस आमचं बाड वाचतो आणि आमची पोरं ते रद्दीत घालतात, हे बरं दिसत नाही. गावातली एखादी पोर म्हणाली की मला हे शिकायचंय, तर मी केला तसा उपहास करू नका.

आता दिंडीपुढं माझ्या तीन विनंत्या. पहिली, वही देवनागरीत उतरवून झाली आहे, ती जशीच्या तशी छापावी, एकही ओळ गाळू नये. दुसरी, कुणाच्या घरी जुनी पोथी, बाड, हिशेब असेल तर नदीत सोडू नका, चिकटपट्ट्या लावू नका, कोरड्या सुती कापडात बांधून ठेवा आणि वाचणाऱ्याला दाखवा. तिसरी, वीणा आमच्या घरचा नाही, त्या बाईचा आहे. तिचं नाव आपल्याला मिळणार नाही. म्हणून यंदा प्रस्थानाला वीणा मी घेणार नाही. थोरल्या आळीतल्या एखाद्या माउलीच्या गळ्यात तो घालावा, आणि पहिली पंगत जुन्या वस्तीच्या मंडळींबरोबर एकाच ओळीत बसावी. मी वाढायला उभा राहीन.

चाळीस वर्षं चुकीचं सांगितलं, त्याबद्दल सर्वांचे पाय धरतो. पुढच्या शंभर वर्षांनी कुणी हा अंक उघडला, तर त्याला आमच्यासारखं खोदावं लागू नये.

रामकृष्ण हरी.