नागसेनवनातली विद्रोही कविता

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने 1950 मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, महाविद्यालय काढले. निजामी राजवट जाऊन दोनच वर्षे झाली होती. पदवीसाठी मराठवाड्यातल्या मुलांना हैदराबाद गाठावे लागे. पुढे ‘मिलिंद’ नावाने ओळखले गेलेले हे महाविद्यालय जिथे उभे राहिले, ते नागसेनवन. गावकुसाबाहेरच्या घरांतली मुले इथे वसतिगृहात राहिली, शिकली आणि लिहू लागली.

या लेखनाला घर हवे होते. प्रस्थापित मासिकांना ही भाषा परकी होती. अमेरिकेत शिकून आलेले प्राचार्य म. ना. वानखडे कृष्णवर्णीयांच्या साहित्याबद्दल विद्यार्थ्यांशी बोलत. तिथेच शिकवणाऱ्या गंगाधर पानतावण्यांनी 1967-68 मध्ये आधी ‘अस्मिता’ आणि मग ‘अस्मितादर्श’ हे त्रैमासिक उभे केले. मिलिंदमध्ये शिकलेल्या वामन निंबाळकरांचा ‘गावकुसाबाहेरील कविता’ हा संग्रह 1973 मध्ये आला.

शोषणावर बोलणारी कविता मराठीत त्याआधीही होती. लाल बावट्याखाली अण्णा भाऊ साठे आणि अमर शेख यांची शाहिरी गिरणगावात घुमली होती. नारायण सुर्व्यांचे ‘माझे विद्यापीठ’ 1966 मध्ये आले. पण दलित तरुणांचा प्रश्न या कवितेच्याही पुढचा होता. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्य कामगाराला विणखात्यात घेत नसत, कारण तुटलेला धागा तोंडाच्या ओलाव्याने जोडावा लागे आणि सवर्ण कामगारांना तो विटाळ वाटे. 1928 च्या संपात बाबासाहेबांनी नेमका हाच मुद्दा लावून धरला होता. वर्ग एक असूनही जात उरतेच, तर क्रांती कोणाची?

या प्रश्नाने दलित तरुणांची दलित पँथर ही संघटनाही दुभंगली. 1972 मध्ये संघटना स्थापन झाली, त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. पँथरच्या 1973 च्या जाहीरनाम्यात सहसंस्थापक राजा ढाले यांना मार्क्सवादाचा वास आला आणि 1974 मध्ये ढसाळ आणि ढाले यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. बाबासाहेबांनी नोव्हेंबर 1956 मध्ये काठमांडूत बुद्ध आणि मार्क्स यांची तुलना मांडली होती. तोच वाद आता कवी घालत होते.

सोव्हिएत रशियात याच मार्क्सच्या नावाने चाललेल्या सत्तेने कवी ओसिप मांदेलश्तामला स्टालिनवरच्या कवितेपायी 1934 मध्ये अटक केली. 1938 मध्ये त्याला पुन्हा पकडले आणि तो कैदेत मेला. कवयित्री आन्ना अख्मातोवाच्या ‘रेक्विएम’मधल्या ओळी कागदावर ठेवणे धोक्याचे, म्हणून जवळच्या माणसांनी त्या पाठ करून जपल्या. तिथे कवितेचा वैरी सरकार होते. इथे राज्यघटनेने लिहायची मोकळीक दिली होती. कवीला झुंजायचे होते ते गावाशी.

ते किती जिवावरचे होते, हे 1978 ने दाखवले. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने 27 जुलैला मंजूर केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे मारले गेले. त्यानंतर सोळा वर्षे मोर्चे आणि सत्याग्रह चालले. गावोगावच्या सभांत लोककवी वामनदादा कर्डकांची गाणी गायली जात, आणि ज्यांना पुस्तक वाचता येत नव्हते त्यांच्यापर्यंत हा विद्रोह गळ्यावाटे पोचत होता.

14 जानेवारी 1994 ला बाबासाहेबांचे नाव जोडून विद्यापीठाचा नामविस्तार झाला. पानतावणे याच विद्यापीठात मराठी शिकवत आले होते. 2018 मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत, जवळपास पन्नास वर्षे, ते नव्या कवींची पहिली कविता ‘अस्मितादर्श’मध्ये छापत राहिले.