नावातला अर्धा र

वडील गेल्यानंतर वारसनोंदीसाठी गावी गेलो होतो. कार्यालयातल्या मुलाने संगणकावर आमचे आडनाव टाइप केले, वऱ्हाडपांडे, आणि पडद्यावर उत्तर आले : नोंद आढळली नाही. त्याने तीनदा टाइप केले, तिन्ही वेळा तेच. शेवटी गट क्रमांक टाकून पान उघडले, तर वडील तिथे होतेच. नाव, आडनाव, अर्धा र, सगळे जागच्या जागी. डोळ्यांना दोन्ही वऱ्हाडपांडे सारखेच दिसत होते, यंत्राच्या लेखी मात्र ते दोन वेगळे गृहस्थ होते. "प्रतिज्ञापत्र लागेल काका," तो म्हणाला, "हे आडनाव आणि ते आडनाव एकच आहे म्हणून."

बंगळूरला परतल्यावर मी या र च्या मागे लागलो. इथे राहण्याचा एक फायदा असा, की आमच्या इमारतीत दर दुसऱ्या घरात सॉफ्टवेअरवाला सापडतो. विचारायला लांब जावे लागले नाही.

मराठीत र जोडण्याच्या दोन तऱ्हा आहेत. 'दर्या' म्हणजे समुद्र आणि 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. आचार्यास नमस्कार करायचा, आचाऱ्यास मीठ कमी टाकायला सांगायचे. हा दुसरा, आडवा पडलेला र हिंदीला लागत नाही, त्यामुळे देवनागरी संगणकात बसवताना तो सहज मागे राहू शकला असता. राहिला नाही. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले भारतीय लिप्यांचे काम 1991 साली 'इस्की' या राष्ट्रीय मानकाच्या रूपाने स्थिर झाले. त्यात या र साठी 'ऱ' हे नुक्ता दिलेले अक्षर घेतले आणि त्याचा पाय मोडला, की आडवा र उमटेल असे ठरले.

गंमत अशी, की ऱ हे अक्षर मराठीचे नव्हेच. युनिकोडच्या तक्त्यात त्याच्यापुढे आजही टीप आहे, की ते द्राविडी भाषांतला कठोर र देवनागरीत लिहिण्यासाठी आहे. तमिळ आणि मलयाळममध्ये तो र अजून नांदतो. कन्नडमध्येही तो होता, हळेगन्नडाच्या ग्रंथांत भेटतो, पण पुढे गळून गेला आणि आजच्या शाळेतल्या वर्णमालेत नाही. म्हणजे विदर्भातले आमचे आडनाव संगणकात उभे आहे ते दक्षिणेकडून उसन्या आणलेल्या अक्षरावर. ही गोष्ट मी शेजारच्या कन्नड प्राध्यापकांना सांगितली, तेव्हा त्यांनी भाडे मागितले.

मग घोळ कुठे झाला? युनिकोडने 1996 च्या दुसऱ्या आवृत्तीत वेगळी वाट धरली होती. साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह, ज्याची रुंदीच शून्य. पुढे इस्कीची रीतही मान्य झाली आणि जुनी तशीच ठेवली. त्यामुळे 'वऱ्हाड' एका कळफलकावर एका रीतीने निघते, दुसऱ्यावर 'वर्‍हाड' असे दुसऱ्या रीतीने. दोन्ही शुद्ध आणि दिसायला जुळी, पण शोध घेणारा प्रोग्रॅम चेहरा बघत नाही, आकडे जुळवतो. त्यातून एखादा सावध प्रोग्रॅमर नावातली 'फालतू' चिन्हे गाळायला बसला, की अदृश्य चिन्ह पहिल्यांदा जाते आणि उरते 'वर्हाडपांडे', ज्याचा उच्चार मलाही नीट करता येत नाही. गोऱ्हे, कुऱ्हाडे, बऱ्हाटे हे सगळे या वरातीत आहेत.

अशा अदृश्य चिन्हांचा धाक नुसता माझ्या आडनावापुरता नाही. फेब्रुवारी 2018 मध्ये तेलुगूतले 'ज्ञा' हे अक्षर, आत एक न दिसणारे चिन्ह असलेले, निरोपात आले की आयफोनवरची अ‍ॅप बंद पडत होती. ज्ञानोबांच्या नावातले पहिलेच अक्षर ते. अ‍ॅपलला त्यासाठी नवी आवृत्ती काढावी लागली.

आमच्या इमारतीतल्या एका मुलीने दारावर रँडल मन्रोचे 2007 सालचे व्यंगचित्र चिकटवले आहे. त्यातल्या आईने मुलाचे नाव रॉबर्ट ठेवून पुढे अवतरणचिन्ह, कंस आणि विद्यार्थ्यांचा तक्ताच पुसण्याची आज्ञा जोडली आहे, शाळेने ते नाव भरले आणि वर्षाची नोंद गेली. मला हसू आले, पण बंगळूरात इतके करावे लागत नाही. इथे एक टिंब पुरते. कन्नड माणसाचे नाव गाव, वडील आणि मग आपण अशा क्रमाने येते, पहिली दोन बहुधा टिंब देऊन आखडलेली. कुवेंपु म्हणजे कुप्पळी वेंकटप्पा पुट्टप्पा. त्यांनी आजचा अर्ज भरला असता, तर टिंब हे 'स्पेशल कॅरेक्टर' म्हणून नाकारले गेले असते, पॅनकार्डाच्या अर्जाने आद्याक्षरे परत केली असती आणि पूर्ण नाव दिल्यावर बँकेचे पत्र 'प्रिय कुप्पळी' असे तीर्थहळ्ळी तालुक्यातल्या एका खेड्याला उद्देशून आले असते. माझे उलटे होते. इथे मला विचारतात, वऱ्हाडपांडे हे गाव कुठे आले? निम्मे बरोबर आहे, म्हणून मी रागावत नाही.

या शहरात मराठी नावे नवी नाहीत. 1638 मध्ये विजापूरकरांनी बंगळूर जिंकून शहाजीराजांना जहागीर दिली. मोडी लिहिणारे कारकून ऱ्हस्व-दीर्घाची फारशी पर्वा करत नसत (हा शब्दही अर्ध्या र नेच सुरू होतो), तरी कुणाचे वतन कुणाचे हे त्यांना कळत असे. वाचणारा माणूस होता. 1950 साली इथेच जन्मलेल्या शिवाजीराव गायकवाडांनी तर पुढे सगळी अडचणच संपवली आणि रजनीकांत या एका शब्दावर भागवले. एका शब्दाच्या नावालाही 'लास्ट नेम' मागणारे अर्ज आहेत, पण त्यांना कोण विचारणार!

पुढच्या खेपेला गावी प्रतिज्ञापत्र केले. मजकूर मीच सांगितला : वऱ्हाडपांडे उर्फ वर्‍हाडपांडे ही एकच व्यक्ती असून ते माझे वडील होत. टंकलेखकाने छापील कागद हातात घेतला, दोनदा वाचला आणि 'उर्फ' पासूनचे आडनाव पेनाने खोडले. म्हणाला, "चुकून दोनदा आलंय." कागदावर खरोखरच काही फरक दिसत नव्हता. मी त्याला ते पुन्हा टाइप करायला लावले, वरून वीस रुपये दिले. नोटरींनी सही करताना माझ्याकडे चष्म्यावरून पाहिले.

नोंद झाली. वडिलांच्या खाली माझे नाव आले. त्यात कोणता र पडला ते विचारायचे राहिले.