काकवी, मिरी आणि 1884 सालची एक संध्याकाळ

दार लोटा आणि आत या. साल 1884, नाताळला आठवड्याहून थोडे अधिक दिवस. तुम्ही अमेरिकेतल्या कॅन्ससच्या माळरानावर, आज जिथे गॉसेल गाव आहे त्या भागातल्या एका शेतघरात आहात. बाहेर बर्फाखाली हिवाळी गव्हाची कोवळी पाती निजली आहेत. ‘टर्की रेड’ हा गहू इथल्या मेनोनाइट या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी दहा वर्षांपूर्वी रशियातून, म्हणजे आजच्या युक्रेनमधल्या गावांतून, सोबत आणला.

घराच्या मधोमध विटांची भट्टी आहे. तिच्या तोंडाशी बसलेला मुलगा गव्हाच्या काडाच्या पिळलेल्या जुड्या आत सरकवतो आहे. इथे झाडं कमी, म्हणून सरपण हेच. आजी तुमच्याकडे बघते, तुमचे हात बघते आणि बाकावर जागा करून देते.

समोर पिठाचा तपकिरी गोळा आहे. कालच मळून रात्रभर थंडीत ठेवलेला. त्यात चरबी आहे, काकवीही आहे. पण ही काकवी उसाची नाही, गोड धाटाच्या ज्वारीची. वास घ्या. दालचिनी, लवंग, बडीशेपेची आठवण करून देणारं अनीस आणि मागाहून घशाला हलकेच लागणारी मिरी. ही मिरी मूळची आपल्या पश्चिम घाटाच्या दक्षिणेकडच्या रानांतली. इतक्या दूरच्या घरात तीच तुमच्या ओळखीची.

“करंगळीएवढी वळ,” आजी सांगते. घरात बोलतात ती प्लाउटडीच ही जर्मन बोली. चर्चमध्ये मात्र शुद्ध जर्मन. तुम्ही लांब वळी करता. शेजारची मुलगी सुरी कोरड्या पिठात बुडवते आणि बोटाच्या पेराहून लहान तुकडे कापत जाते. शंकरपाळे कापताना होतो तसाच ठेका. हीच ती ‘पेपानेट’ बिस्किटं, जर्मनमध्ये फेफरन्युसे.

पहिला पत्रा भट्टीत जातो आणि नाकाला झोंबणारा उग्र दर्प येतो. दचकू नका. पीठ फुलायला घातलेला हा अमोनियाचा क्षार; पूर्वी हरणाच्या शिंगापासून काढत, म्हणून जर्मनमध्ये त्याचं नावही तेच. तापला की त्याचा सगळा वायू होतो. तुकडे इवलेसे, म्हणून तो पुरता निघून जातो आणि मागे उरतो खुसखुशीतपणा. पत्रा बाहेर येतो तेव्हा वास फक्त मसाल्याचा असतो.

एक तोंडात टाका. कडक आहे ना? आठवडाभर डब्यात मुरू द्या, मग मसाला बोलायला लागेल. नाताळच्या आदल्या रात्री मुलं टेबलावर ताटल्या मांडून झोपतील आणि सकाळी त्यांत मूठभर पेपानेट सापडतील.

आजीच्या हातांकडे पुन्हा एकदा बघा. बाप्तिस्मा जाणतेपणीच घ्यायचा आणि शस्त्र धरायचं नाही, या निष्ठेपायी तिच्या पूर्वजांनी सोळाव्या शतकात नेदरलँड्स सोडलं आणि ते विस्तुला नदीच्या खोऱ्यात आले. अठराव्या शतकाच्या अखेरीपासून त्यांतले अनेकजण रशियात गेले. तिथेही सैन्यात सक्तीच्या भरतीचं सावट आलं, तेव्हा 1870 च्या दशकात सुमारे 18,000 माणसं उत्तर अमेरिकेत आली. दर वेळी घर, शेत, ओळखीची वाट मागे राहिली. हातांना ठाऊक असलेली कृती मात्र मागे ठेवता येत नाही.

आता परत या. कॅन्ससमधल्या मेनोनाइट घरांत पेपानेट आजही होतात. नॉर्मा जोस्ट वोथ या लेखिकेने पेपानेटवर अख्खं पुस्तक लिहिलं आहे. तुमच्या घरातही असा एखादा पदार्थ असेल, ज्याचं माप फक्त आजीच्या मुठीत आहे. या सुट्टीत तिच्याशेजारी बसा, तिची मूठ वाटीत मोजा आणि लिहून ठेवा.