पात्म बेटाचा हिवाळा

पात्म बेटाची जी छायाचित्रे आपल्या पाहण्यात येतात, ती बहुधा उन्हाळ्यातील असतात. निळेशार आकाश, चुन्याने रंगविलेली शुभ्र घरे, त्यांच्या माथ्यावर संत योहानाच्या मठाची काळपट तटबंदी आणि खाली स्काला बंदरात उभी असलेली जहाजे. हे चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. ऑक्टोबर सरता सरता यात्रेकरूंची वर्दळ ओसरते, उपाहारगृहांची दारे बंद होतात आणि मग जे बेट उरते, ते प्रकटीकरणाच्या वाचकाला अधिक काही सांगू शकते.

एजियन सागरातील बेटांवर उन्हाळा म्हणजे अवर्षण. जून ते ऑगस्ट पाऊस जवळजवळ नसतोच. जमीन पिंगट होते, गवत करपून जाते. शरद ऋतूतील पहिल्या सरी कोसळल्या की खडकांच्या फटींतून सायक्लेमेनची फिकट गुलाबी फुले वर येतात. डिसेंबरात डोंगरउतार हिरवे होतात. जानेवारी-फेब्रुवारीत बदामाची झाडे पालवी फुटण्याआधीच फुलांनी भरून जातात आणि त्यांच्या पायथ्याशी अ‍ॅनिमोन उमलतात. थंडीचे महिने हेच तेथील हिरवाईचे महिने! बेट आहे चिमुकले, सुमारे ३४ चौरस किलोमीटरचे, ज्वालामुखीच्या खडकांचे आणि विलक्षण दंतुर किनाऱ्याचे. संदेष्टा एलियाच्या नावाचे त्याचे सर्वोच्च शिखर अवघे २६९ मीटर उंच आहे. पावसाने हवा धुऊन निघाली की तेथून सामोस बेटाचा डोंगर आणि त्यापलीकडे आशिया मायनरच्या पर्वतरांगांची रेघ दिसते. उन्हाळी धुरकटपणात ती लोपलेली असते.

दिसते, पण गाठता येत नाही. हिवाळ्यातील पात्मचे मर्म मला येथे वाटते.

रोमन काळात हिवाळ्यात समुद्र 'बंद' होत असे. वेगेतियस या लेखकाने त्याच्या तारखाच दिल्या आहेत: ११ नोव्हेंबर ते १० मार्च. ढगांमुळे तारे दिसत नसत, वारा कधी फिरेल याचा नेम नसे, म्हणून जहाजे बंदरात विसावत. बायबलच्या वाचकाला हे नवे नाही. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या सत्ताविसाव्या अध्यायात क्रेत बेटापाशी संत पौलाने दिलेला इशारा नाविकांनी मानला नाही आणि जहाज फुटले. पुढे माल्टा बेटावर तीन महिने थांबल्यावरच त्यांना दुसरे जहाज मिळाले. तीमथ्याला पौल हिवाळ्यापूर्वी येऊन पोहोचण्यास सांगतो, तोही याच कारणास्तव.

संत योहान पात्मवर होता तो, इरेनियसच्या साक्षीनुसार, सम्राट डोमिशियनच्या कारकिर्दीच्या अखेरीस, म्हणजे इ. स. ९५च्या सुमारास. प्रवचनांतून आपण पात्मचे वर्णन 'निर्जन खडक' असे करतो, आणि प्लिनीने त्याला हद्दपारीचे बेट म्हटल्याचे अनेक टीकाग्रंथ एकमेकांवरून उतरवून घेतात. प्लिनी मात्र फक्त बेटाचा परीघ देतो. तेथे वस्ती होती, व्यायामशाळा होती, आर्तेमिस देवीची उपासना होती, हे शिलालेखांवरून दिसते. तेव्हा योहानाचे दुःख निर्जनतेचे नव्हते. ते आपल्या माणसांपासून तुटल्याचे होते. ज्या सात मंडळ्यांना तो लिहितो त्या सर्व समोरच्या मुख्य भूमीवर होत्या. इफिस जेमतेम शंभर किलोमीटरवर. दर्शन झाले ते प्रभूच्या दिवशी, असे तो मुद्दाम नोंदवितो. त्या दिवशी पलीकडे त्याचे लोक भाकर मोडण्यास जमत असतील आणि मध्ये पाणी होते.

दर्शन कोणत्या ऋतूत झाले, हे ग्रंथ सांगत नाही. परंतु हिवाळी एजियनच्या पार्श्वभूमीवर त्यातील प्रतिमा वाचून पाहाव्यात. सिंहासनातून निघणाऱ्या विजा आणि गर्जना, पुष्कळ जलांच्या निनादासारखा आवाज, आपल्या जागेवरून ढळणारी बेटे. ढग खाली उतरले की समोरचे बेट खरोखरच नाहीसे होते. सहाव्या अध्यायात वाऱ्याने हलवलेल्या अंजिराची फळे गळतात. तेथील मूळ ग्रीक शब्द 'ओलिंथोस' हा न पिकताच गळणाऱ्या, थंडीत धरलेल्या फळासाठी वापरला जातो. आणि वादळानंतरची ती निवांत सकाळ, जेव्हा पाणी काचेसारखे पसरलेले असते!

एकविसाव्या अध्यायात नव्या सृष्टीत समुद्र उरत नाही. भाष्यकार सांगतात की हिब्रू परंपरेत समुद्र हे अराजकाचे प्रतीक. दानीएलची श्वापदेही समुद्रातूनच वर येतात. ते योग्यच आहे. तरीही एवढे स्पष्टीकरण मला पुरेसे वाटत नाही. ज्याने बंद समुद्राच्या काठी महिनोन्महिने पलीकडच्या डोंगरांकडे पाहिले असेल, त्याच्या लेखी समुद्र नसणे म्हणजे विरह नसणे असेही असणार.

अकराव्या शतकात याच पाण्याचा अर्थ पालटला. लात्रोस पर्वतावरील मठवासी ख्रिस्तोदुलोस तुर्की आक्रमणांमुळे आश्रय शोधत फिरत होता. १०८८ साली सम्राट पहिला आलेक्सियस कोम्नेनोस याने सुवर्णमुद्रांकित सनद देऊन त्याला पात्म बहाल केले. चाचेगिरीने बेट तोवर ओस पडले होते. जो एकांत योहानावर लादला गेला, तो या संन्याशाने मागून घेतला. मठाला तटबंदी आहे ती चाच्यांच्या भयाने. चाचेही बव्हंशी हवा निवळल्यावरच बाहेर पडत, त्यामुळे वादळी महिने मठाला त्यातल्या त्यात निर्धास्त जात असावेत. ग्रंथालयातील जांभळ्या चर्मपत्रावर रुपेरी शाईने लिहिलेली मार्ककृत सुवार्तेची सहाव्या शतकातील पाने शतकानुशतके टिकली, त्यातही या अलिप्ततेचा वाटा आहे.

ख्रिस्तोदुलोसला मात्र बेट सोडावे लागले. स्वाऱ्यांमुळे तो युबिया बेटावर गेला आणि तेथेच १०९३ मध्ये मरण पावला. शिष्यांनी त्याचे अवशेष पात्मला परत आणले. आजही पात्मला विमानतळ नाही, आणि वारा फार चढला की बोटी बंदरातच थांबतात. ख्रिस्तोदुलोसच्या मृत्यूचा सण १६ मार्चला येतो, वेगेतियसच्या हिशेबाने समुद्र खुला झाल्यावर सहाव्या दिवशी. तोवर उतारांवर तांबडी पॉपी फुलू लागलेली असते आणि यात्रेकरूंच्या मोठ्या बोटी अजून यायच्या असतात.