बुरसलेल्या शेंगेचा हिशेब

आपल्या कोगनोळी-निपाणी भागाचा इतिहास लिहायचा म्हटलं की तंबाखू पुढे येतो, नाहीतर सीमाप्रश्न. भुईमुगाच्या शेंगेकडे कुणी बघत नाही. मी पेशाने इंजिनिअर. बिघाड कुठे झाला हे शोधायची जुनी खोड आहे. हा लेख आमच्याच खळ्यावरच्या एका बिघाडाचा.

शेंग म्हणजे भुईमुगाचं फळच. फूल वर येतं, आरी जमिनीत घुसते आणि फळ मातीत धरतं. दसऱ्याच्या सुमारास काढणी आणि नेमका तेव्हाच परतीचा पाऊस. माझ्या लहानपणी वाळत घातलेल्या शेंगा एका रात्रीत भिजायच्या. मग निवडणी. टपोऱ्या शेंगा पोत्यात, बाजाराला. पोचट, काळ्या पडलेल्या बाजूला. त्यातल्या काही घाण्याला, काही घरच्या चटणीला, आणि मजुरीवर वरकड म्हणून बायकांच्या पदरात पडायच्या त्याही ह्याच. घाण्याची पेंड म्हशीला. काहीच वाया जात नाही, याचा घरात अभिमान होता. आज्जी मात्र म्हणायची, "कडू दाणा लागला तर थुकून टाक, गिळू नगं." कारण तिलाही सांगता यायचं नाही.

कारण कळलं ते फार लांब. १९६० साली इंग्लंडमध्ये लाखभर टर्की पक्षी पटापट मेले. रोग कोणता, कळेना. शेवटी माग लागला तो ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीचा. तिच्यावर ॲस्परजिलस फ्लेव्हस नावाची बुरशी होती आणि तिने तयार केलेलं विष होतं. बुरशीच्याच नावावरून त्याला अफ्लाटॉक्सिन म्हणू लागले. अतिनील दिव्याखाली काही प्रकार निळे चमकतात, काही हिरवे. बी आणि जी ही त्यांची नावं त्या रंगांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून पडली. त्यातलं बी-१ सर्वांत जहाल. ते यकृतावर घाला घालतं आणि कर्करोगालाही कारण होतं.

यातली वाईट गोष्ट अशी, की नेहमीच्या भाजण्या-तळण्याने हे विष पुरतं जात नाही. बुरशी मरते, विष राहतं. घाण्यात ते बरंचसं पेंडीत उतरतं. पेंड खाल्लेल्या म्हशीच्या दुधात त्याचंच दुसरं रूप, एम-१, येतं. म्हणजे आमची काटकसर फिरून पेल्यात येत होती.

आपल्या राज्याशी याचा थेट संबंध आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला आपण म्हैसूर राज्यात गेलो. त्याच म्हैसूर शहरात शेंगदाण्याच्या पिठाचा पूरक आहार कुपोषित मुलांना दिला जायचा. त्यातलं काही पीठ विषारी निघालं आणि ते खाल्लेल्या काही मुलांच्या यकृतावर परिणाम झाला, अशी नोंद १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली. पुढे १९७४ साली गुजरात-राजस्थानच्या आदिवासी पट्ट्यात अवकाळी पावसात भिजलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसं दगावली. दोन्हीकडे बळी कोण, ते पाहा. ज्यांच्या ताटात निवडीला वावच नव्हता, ते.

तांत्रिक बाजू साधी आहे. पीक पक्व होताना पाण्याचा ताण पडला, जमीन तापली, शेंगेला किडीचं भोक पडलं किंवा खुरप्याची जखम झाली, की बुरशी मातीतच आत शिरते. उरलेलं काम ओलावा करतो. दाण्यातला ओलावा सात-आठ टक्क्यांवर आणला तर ती वाढत नाही. म्हणजे प्रश्न चांगल्या उन्हाचा, कोरड्या जागेचा आणि बुरसलेलं खरोखर टाकून देण्याच्या ऐपतीचा.

शेतीच्या इतिहासात आपण किती पोती पिकलं ते लिहितो. बाजूला काढलेला ढीग कुणाच्या पोटात गेला, ते लिहीत नाही. मी माझ्या घरापासून सुरुवात केली आहे. तुमच्याकडे कुणी खळ्यावर निवडणी केलेली म्हातारी माणसं असतील, तर त्यांना एवढं विचारा: काळ्या शेंगा कुणाला द्यायचा? उत्तर यायला थोडा वेळ लागेल, पण येईल.