हा अंक आहे का?

परवा एका कचेरीचा अर्ज संगणकावर भरत होतो. वयाच्या रकान्यात आपलं मराठीत ४६ लिहिलं. यंत्र म्हणालं, 'फक्त अंक लिहा.' आता हे अंक नव्हेत तर काय? हसू आलं, रागही आला, आणि मग मी यामागचा इतिहास शोधू लागलो.

संगणकाला अक्षराचा आकार कळत नाही, कळतो तो क्रमांक. १९६३ साली अमेरिकेत 'आस्की' नावाची संकेतसूची प्रसिद्ध झाली. तीत इंग्रजी शून्याला ४८ आणि नवाला ५७ हा क्रमांक मिळाला. मधले अंक ओळीने बसवले. ही ओळ फार सोयीची ठरली. १९७२ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत डेनिस रिची यांनी 'सी' ही संगणकाची भाषा घडवली. आस्की वापरणाऱ्या यंत्रावर एखादे चिन्ह अंक आहे की नाही हे या भाषेत पाहायचे, तर एवढेच विचारायचे: याचा क्रमांक ४८ ते ५७ मध्ये बसतो का? बसला, तर त्यातून ४८ वजा करा. इंग्रजी पाचाचा क्रमांक ५३. त्रेपन्नातून अठ्ठेचाळीस गेले, राहिले पाच! गुरुजींनी फळ्यावर जरूर करून दाखवावे.

पण त्या सूचीत जागा अवघ्या १२८. देवनागरीला तिथे थारा नव्हता. १९९१ साली जगातल्या लिप्यांसाठी 'युनिकोड' आले, तेव्हा आपल्या शून्य ते नवाला २४०६ ते २४१५ हे क्रमांक मिळाले. तेही ओळीनेच, बरं का. जुनी कसोटी मात्र ४८ ते ५७ चेच कुंपण धरून बसली. 'जावा' आणि 'पायथन' या पुढच्या भाषांत आपले अंकही अंक म्हणून ओळखण्याची सोय आहे. म्हणजे दोष यंत्राचा नाही. अर्ज तयार करणाऱ्याने कोणती कसोटी निवडली, त्याचा आहे.

आणि हे अंक परके तरी कुठे आहेत? जुन्नरजवळ नाणेघाटात सातवाहनांच्या लेखात दानाचे आकडे कोरलेले आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. त्यांत शून्य नाही. दहा, शंभर, हजार यांना निराळी चिन्हे आहेत. अशा ब्राह्मी अंकांपासूनच मराठी अंक आले, आणि अरबांच्या मार्गाने युरोपात गेलेले इंग्रजी अंकही. एकाच घराण्याच्या दोन शाखा. एकीला आत घेतलं, दुसरीला दारातच अडवलं.

मी मुकाट्याने ४६ पुसून इंग्रजीत लिहिले. अर्ज गेला. छापील प्रतीवर तारीख मात्र मराठी अंकांतच घातली.