पेव आणि चाकवत

मुनिरक्याला आज शेत नाही. भुयारी मेट्रोतून वर येऊन गावात शिरलं की पाच-पाच मजल्यांच्या भाड्याच्या खोल्या, डोक्यावर लोंबणाऱ्या तारा आणि कोपऱ्याकोपऱ्यावर मोमोंच्या गाड्या दिसतात. पण हे मूळचं टोकस जाटांचं, शेतकऱ्यांचं गाव. १३ नोव्हेंबर १९५९ च्या एका अधिसूचनेनं दिल्लीच्या नियोजित विकासासाठी ३४,०७० एकर जमीन संपादनाखाली आली. तिच्या आगेमागच्या वर्षांत मुनिरक्याची शेतंही गेली. कुठे सरकारी वसाहती उभ्या राहिल्या, कुठे बंगले. १९६९ साली जवाहरलाल नेहरू विद्यापीठ स्थापन झालं आणि गावामागचा खडकाळ माळही पुढे त्याच्याकडे गेला.

नेमक्या त्याच दशकात देशाला धान्य पुरत नव्हतं. अमेरिकेतून पीएल-४८० च्या करारानं गहू येत होता. १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्रींनी सोमवारी संध्याकाळचं जेवण सोडण्याचं आवाहन केलं आणि दहा जनपथच्या हिरवळीवर नांगर चालवला. मला त्यांचा आदरच वाटतो. तरीही ही दोन चित्रं शेजारी ठेवल्यावर मन अस्वस्थ होतं. पंतप्रधान अंगणात पेरत होते आणि काही मैलांवर पिढ्यान्‌पिढ्या पेरणारी माणसं जमिनीचा मोबदला घेऊन घरी बसत होती.

गावाच्या गेलेल्या शेतीचं हे मला पुस्तकातून कळलं नाही, गावातल्या दादींकडून कळलं. आमचा फ्लॅट गावाला लागूनच्या दिल्ली विकास प्राधिकरणाच्या (डीडीए) वसाहतीत. दादींच्या घरी तेव्हा म्हैस होती, त्या दूध घालायला यायच्या. मंगळवेढ्याकडून माझी आजी उतारवयात आमच्याकडे राहायला आली आणि दोघींची गट्टी जमली. आजीला हिंदी जेमतेम यायचं, दादींची बोली हरियाणवी. हिवाळ्यात एकदा दादींच्या पदरात मोकळ्या प्लॉटवरून खुडून आणलेली भाजी होती. आजीनं पान उलटं केलं, खालचा पिठूळ पांढरेपणा बोटानं पुसला आणि म्हणाली, "अगं, हा तर चाकवत!" दादी म्हणाल्या, "बथुआ सै, बेटी." नंतर तांदुळजा निघाला, घोळ निघाली. ताकात बाजरीचं पीठ आंबवून शिजवलेली दादींची राबडी आजीनं चाखली आणि तिला माहेरची आंबील आठवली.

आजीच्या माहेरी पेव होतं. मंगळवेढा म्हणजे दामाजीपंतांचं गाव. दुष्काळात बिदरच्या बादशहाची कोठारं रयतेसाठी मोकळी करणाऱ्या दामाजींची कथा तिथं मूल बोलायला लागल्यापासून ऐकतं. पेव ही धान्य साठवणीची तिथली जुनी रीत. पांढऱ्या मातीत, ओल नसलेल्या जागी खोल खणायचं. तोंड एक माणूस उतरेल एवढंच, पोट मोठं. आत जाळ करून भिंती भाजून घ्यायच्या, शेणानं सारवायचं, तळाला आणि कडेनं कडबा लावायचा. ज्वारी दाताखाली कट्‌ वाजेपर्यंत वाळवायची, पण तापलेली भरायची नाही. रात्रभर निवू द्यायची, नाहीतर तिला घाम सुटतो आणि बुरशी धरते. मग कडुनिंबाचा पाला टाकून भरायचं, वर दगडी झाकण आणि मातीचा लेप. वर्षानुवर्षं धान्य टिकायचं. सांगलीजवळच्या हरिपुरात याच रीतीनं हळद साठवत. २००५ च्या महापुरात तिथल्या अनेक पेवांचं नुकसान झालं.

पेव उघडायचा दिवस घरात धास्तीचा असे, असं आजी सांगायची. झाकण काढून वारं लागू द्यायचं, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. कंदील विझला तर कुणी उतरायचं नाही. घाईनं उतरलेला माणूस वर येत नसे. कडेची ज्वारी काळवंडलेली, कुबट वासाची निघे. तीही फेकत नसत. धुऊन, वाळवून, चांगल्यात मिसळून दळत. "त्या भाकरीचा वास बाहत्तर साली गोड लागला," ती म्हणायची.

१९७२ चा दुष्काळ तिनं संसारात असताना पाहिला. मे १९७३ मध्ये राज्यभरात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. खडी फोडायची, पाझर तलाव खोदायचे, नालाबांध घालायचे. पोरांना सुकडी मिळे, रेशनवर लाल मिलो ज्वारी. त्यातूनच पुढे रोजगार हमी योजनेचा १९७७ चा कायदा झाला. त्यामागे वि. स. पागे यांची तळमळ होती. गावोगाव उपासमारीनं माणसं पटापट मेली नाहीत, ती या कामांमुळे आणि रेशनमुळे. घरच्या पेवामुळे नव्हे.

हे मी मुद्दाम सांगते आहे. जुन्या साठवणीविषयी बोलताना आपण फार हळवे होतो. पेव ज्याच्या घरी, त्याचं वर्ष निघालं. पण पेवाला आधी जमीन लागते आणि पोटाला पुरून उरेल एवढं पीक लागतं. गावाबाहेरच्या वस्तीत पेव नव्हतं. तिथल्या बायका आजीच्या अंगणात सुपं घेऊन येत आणि आजीचे वडील कुणाला किती मोजून घालत, हेही तिनं कधी लपवलं नाही. २०२० च्या टाळेबंदीत मुनिरक्यातही तेच दिसलं. घरमालकांच्या कोठीत गहू होता. वरच्या खोल्यांत, रोजावर जगणाऱ्या भाडेकऱ्यांकडे, गॅसची छोटी टाकी आणि संपत आलेला तांदूळ होता.

दोघी म्हाताऱ्यांकडची दुसरी विद्या, रानभाज्यांची, मात्र कुणाच्या मालकीची नव्हती. कुठला पाला खायचा, कधी खुडायचा, कसा वाळवायचा, हे वाड्यातल्या बाईला ठाऊक होतं आणि वस्तीतल्या बाईलाही. किंबहुना वस्तीतलीला जास्त. रानात उगवणाऱ्या बरबड्याचं बी झाडून, पाखडून त्याची भाकरी कशी थापायची हे आजी तिच्याकडून शिकली. मेथी नि चाकवत सावलीत वाळवायचा, कोहळ्याचे सांडगे उन्हात. दिल्लीत मे महिन्यात लू सुटली की आजीला आनंद व्हायचा. सोलापूरकडे दोन दिवस घेणाऱ्या कुरडया इथं गच्चीवर सकाळी घातल्या की संध्याकाळी खडखडीत. दादी शेजारीच आपलं वाळवण पसरायच्या.

यातलं थोडं कागदावरही आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरसाठी डॉ. जे. सी. लिस्बोआ या गोमंतकीय डॉक्टरांनी उपयुक्त वनस्पतींचा खंड लिहिला, १८८६ साली तो निघाला. त्यात दुष्काळात खाल्ल्या गेलेल्या वनस्पतींची यादी आहे. १८७६ ते ७८ चा भीषण दुष्काळ तेव्हा ताजा होता. पण यादीतल्या नावावरून भाजी शिजत नाही. रानसुरण नीट शिजला नाही तर घसा धरतो. लाखेची डाळ महिनोन्‌महिने खाल्ली तर पाय जातात. किती पाणी टाकून द्यायचं, चिंच कधी घालायची, हे हातानं शिकलेलं ज्ञान आहे आणि ते वेगानं चाललं आहे. पेवाची माहिती निदान वाड्यांच्या आठवणींत तरी येते. बरबड्याची फारशी येत नाही, कारण तो खाल्ल्याचं सांगायला माणसं अजून लाजतात.

तेव्हा माझी एक विनंती आहे. तुमच्या घरात, शेजारी किंवा कामाला येणाऱ्यांमध्ये बाहत्तर पाहिलेली बाई असेल तर तिच्याजवळ बसा. काय खाल्लं, ते कुठं उगवायचं, कितीदा उकळायचं, काय टाळायचं, हे विचारा आणि तिच्याच शब्दांत लिहून घ्या. त्या वर्षी जी वीस वर्षांची होती, तिनं आज सत्तरी ओलांडली आहे.